एका माणसापुरती सीट

मी बर्फावर चालवायची स्नोमोबाइल घेणार आहे असं फोनवर सांगितलं तेव्हा मुलगी इतका वेळ गप्प राहिली की मला वाटलं लाइन गेली. आमच्या डोंगरात ती अधूनमधून जातेच. मग ती म्हणाली, “आई, आर यू सीरियस? तू लाइफमध्ये कधी स्कूटरपण चालवली नाहीस.”

हे खरं होतं, म्हणूनच मला राग आला. मोटार मी चाळीस वर्षं चालवते आहे. पण ज्याच्यावर टांग टाकून बसायचं असतं अशा कुठल्याही वाहनावर मी कायम मागेच बसले. नागपुरात मेडिकलला नवरा आणि मी एकाच वर्गात होतो आणि त्याच्याकडे स्कूटर होती. मागच्या सीटवर दोन्ही पाय एका बाजूला सोडून, मांडीवर दोघांचे एप्रन आणि पुस्तकं घेऊन मी गावभर फिरले. वर्गमित्राला ‘अहो’ म्हणायचं मला पुढेही कधी जमलं नाही. सासूबाई खोलीत असल्या की मी त्याला कुठल्याच नावाने हाक मारत नसे, नुसती बांगडी वाजवायची.

मग इंग्लंड. तो हाडं जोडायचा, मी पेशंटना भूल द्यायचे. राहायला लंडनच्या हॅरोत, मुलगीही तिथलीच. निवृत्त झाल्यावर लोक गुडघे सांभाळत बागकाम करतात, ह्याने स्कॉटलंडच्या डोंगरात घर घेतलं. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला बर्फाचं एवढं वेड कुठून लागलं देव जाणे. हौस त्याची आणि थंडी माझी, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. येणारं-जाणारं फारसं कोणी नव्हतंच.

घर मोठ्या रस्त्यापासून दीड मैल वर आहे. कौन्सिल मोठ्या रस्त्यावर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतं. आमची वाट खासगी, एका मोठ्या जमीनदाराच्या मालकीच्या डोंगरातून जाणारी, तिच्याकडे कोण बघतो? बर्फ पडला की मोटार खालच्या लाकडी शेडमध्ये ठेवायची आणि तिथून स्नोमोबाइलवर घरी जायचं. जमीनदाराने त्याला परवानगी दिली होती, अट एकच. वाटेच्या बरोबर मध्यावर एक उंच गेट आहे. आतल्या बाजूला नवी झाडं लावलेली आहेत आणि हरणांनी ती खाऊ नयेत म्हणून लांबच लांब कुंपण घातलेलं आहे. ते गेट दर वेळी लागलंच पाहिजे.

त्यामुळे आमचा एक कार्यक्रम ठरून गेला होता. तो मशीन थांबवायचा. मी उतरून गेट उघडायचं. तो पुढे जाऊन ठरलेल्या जागी थांबायचा. मी गेट ओढायचं, गोठलेली कडी घालायची, चालत येऊन मागे बसायचं आणि त्याच्या पाठीवर दोन थापा मारायच्या. म्हणजे ‘चल’. हेल्मेटमुळे एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून थापा. आठ हिवाळे हे असं चाललं आणि त्या आठ हिवाळ्यांत ह्या माणसाने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी गुडघाभर बर्फात कडीशी झटापट करते आहे आणि हा समोर बघत बसलेला, देवळातल्या नंदीसारखा. वर घरी पोचून बूट काढता काढता विचारायचा, “गेट लावलंस ना?” माझं डोकंच फिरायचं. जन्मभर लोकांचे श्वास सांभाळले तेव्हा कोणी मला उलटून विचारलं नाही आणि हा माणूस एका कडीचा हिशेब मागतो! मी उत्तरच द्यायचे नाही. तो पुन्हा विचारायचा. मी म्हणायचे, “लावलं, लावलं.” मग चहा.

सप्टेंबरमध्ये तो गेला. दुपारी जेवून पडला आणि उठला नाही. माझ्यासारख्या बाईच्या घरात, शेजारच्या खोलीत, मला न कळता त्याचा श्वास थांबला, हे मी अजून कोणाशी नीट बोललेले नाही.

तो हिवाळा मी हॅरोत मुलीकडे काढला. तिने काही म्हणून कमी केलं नाही. स्वतंत्र खोली, स्वतंत्र बाथरूम, उशाशी पाण्याची बाटली. कपबशी विसळायला गेले की, “आई, ठेव ना, डिशवॉशर आहे.” दुकानात निघाले की, “मी ऑनलाइन मागवते.” जावई घरात दबक्या पावलांनी वावरायचा. सकाळी सगळे आपापल्या ट्रेनला गेले की मी खिडकीत बसून समोरच्या घरांच्या कचऱ्याच्या पेट्या मोजायचे. एखाद्या नीट पॅक करून ठेवलेल्या पार्सलसारखी मी तिथे होते, फक्त पुढे कुठे जायचं ते लिहिलेलं नव्हतं. मार्चच्या शेवटी मी म्हणाले, मी घरी जाते. मुलगी म्हणाली, “हेच घर आहे ना?” मी बॅग भरली आणि निघाले.

जुनं मशीन शेडमध्ये सडून गेलं होतं. गावातल्या मेकॅनिकने खालून टॉर्च मारला आणि नुसती मान हलवली. म्हणून तो फोन. त्या फोनवरच मुलीने शेवटी अट घातली. “ओके. नेक्स्ट विंटरला पहिला स्नो पडला की तू एकटीने खालून वर घरी जाऊन दाखव. कोणाची हेल्प नाही. जमलं तर मी पुन्हा हे टॉपिक काढणार नाही. नाही जमलं तर आपण घर सेलला लावू आणि तू इथे येशील, कायमची. प्रॉमिस कर.” मी प्रॉमिस केलं. तिचा आवाज कापत होता आणि माझाही, पण आम्ही दोघी एकमेकींना ते ऐकू आलं नाही असं दाखवण्यात पटाईत आहोत.

स्नोमोबाइल विकणारी माणसं या देशात मूठभर. मला सापडला तो एक पन्नाशीचा गृहस्थ, दीड तासावर, शेतीची यंत्रं विकायचा. स्की-सेंटरवाल्यांना आणि शिकारीच्या रानांची राखण करणाऱ्यांना स्नोमोबाइलही पुरवायचा. शेडमध्ये तीन मशीनं सिमेंटवर उभी होती. पिवळं, लाल आणि काळं. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा. तो माहिती सांगत होता आणि मी वहीत उतरवून घेत होते. भूल देणारी माणसं कुठल्याही यंत्रावर विश्वास ठेवत नाहीत. रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी आम्ही मशीनची नळी न् नळी तपासतो. मी त्याला विचारलं, “यातलं आधी काय बिघडतं?” तो हसला. म्हणाला, गिऱ्हाइकं आधी विचारतात की किती जोरात पळतं.

“बसून बघा,” तो म्हणाला, आणि पिवळ्याकडे हात केला. मी टांग टाकून बसले. तो उभा. मी बसलेली. मला वाटलं तो किल्ली आणायला जाईल. शेवटी तो अगदी हळू, अदबीने म्हणाला, “कोणाची वाट बघताय का?”

तेव्हा मी खाली पाहिलं. मी मागच्या सीटवर बसले होते. पुढची अर्धी सीट रिकामी, हँडल माझ्यापासून हातभर लांब, आणि माझे दोन्ही हात पुढे बसलेल्या माणसाला धरण्यासाठी अर्धवट उचललेले.

मला इतकी लाज वाटली की मी काहीतरी बोलून गेले, पाठीचा आधार तपासत होते वगैरे. तो म्हणाला, “हो, आधार चांगला आहे त्याचा.” मग तो उगाच दुसरीकडे जाऊन एक कपाट उघडून उभा राहिला. मी पुढे सरकले. हातभर अंतर, पण मोटारीत येऊन बसल्यावर मी त्या हातभर अंतरासाठी रडले.

एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. वरच्या स्की-उतारावर अजून बर्फ आहे, सेंटर बंद झालंय, तीनही मशीनं घेऊन जातो, उद्या या. घरचाच साखरपुडा असावा तशी मी वेळेआधी तासभर पोचले.

त्याने मला शिकवलं. उजव्या अंगठ्याखाली एक छोटा दांडा, तो दाबला की मशीन पुढे जातं. डाव्या हातात ब्रेक. एक दोरी जॅकेटला अडकवायची, पडलात तर दोरी सुटते आणि इंजिन बंद. ती दोरी मला फार आवडली. भूल देण्याच्या यंत्रालाही अशी एक दोरी असती तर मी कित्येक वर्षं निवांत झोपले असते.

आधी लाल. अंगठा जरा लागला आणि ते बकरीसारखं उधळलं. दोरीचा उपयोग तेव्हाच कळला. मी बर्फात पाठीवर पडून आकाश बघत होते आणि तो धावत येत होता. मी पडल्या पडल्या ओरडले, “लाल बाद!”

मग पिवळं. ते मोठं, दोघांचं, आवाज कमी, हँडल गरम होणारं, बसायला दिवाणासारखं. मी उतारावरून दोन फेऱ्या मारल्या. तो खाली उभा राहून बघत होता. तिसऱ्या फेरीला त्याने हात करून थांबवलं. “छान चालवताय. पण मान उजवीकडे का वाकवता? सरळ बघा की.”

मी म्हणाले, कुठे वाकवते? पुन्हा चालवलं आणि माझं मलाच कळलं. मान उजवीकडे, खांद्यावरून डोकावल्यासारखी. माझ्यासमोर एक रुंद पाठ असणार आणि तिच्या बाजूने पुढचं बघायचं, हे त्या मानेने कॉलेजपासून शिकलेलं होतं. समोर काही नव्हतं. सगळा डोंगर उघडा होता, पांढरा, वारा थेट छातीवर येत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला समोरचं एवढं सगळं एकदम दिसत होतं आणि मला ते नको होतं. मी मान सरळ केली. ती पुन्हा वाकली. मी पुन्हा सरळ केली.

दोन पेले कॉफी झाल्यावर मी त्याला सांगितलं की मला गेट हवं. आधी त्याला कळेना. मी घरची वाट समजावून सांगितली. मग त्याने दोन स्कीच्या काठ्या बर्फात रोवल्या, त्यांना दोरी बांधली, आणि मी सराव सुरू केला. दोघं असताना मी एकदा उतरायचे आणि एकदा चढायचे, नवरा जागचा हलायचाही नाही. एकटीला थांबायचं, उतरायचं, उघडायचं, चढायचं, पुढे न्यायचं, उतरायचं, लावायचं, पुन्हा चढायचं. कुठल्याही माहितीपत्रकात हे दिलेलं नसतं. पिवळ्याची सीट उंच. तिसऱ्यांदा टांग टाकताना माझ्या खुब्यातून कळ गेली. शिवाय मी मुद्दाम ते मऊ बर्फात घातलं. रुतलं. मागून उचलून बघितलं, ते तसूभरही हललं नाही. तो मदतीला आला, तर मी त्याला अडवलं. “तुम्ही तिथे नसणार,” मी म्हणाले.

काळं हलकं होतं. आवाज करायचं, तेलाचा वास यायचा, पण सीट बुटकी. गेटचा सगळा खेळ मी सहा वेळा केला, खुब्याची तक्रार नाही. रुतल्यावर मागचा दांडा धरून दोन हिसक्यांत मी एकटीने ते बाहेर काढलं. माझ्या वहीत काळ्यापुढे सगळ्या खुणा बरोबरच्या झाल्या. फक्त एक रकाना राहिला होता. त्यावर एकाच माणसापुरती सीट होती. मागे सामान बांधायची जाळी, बस्स.

“पिवळं लोकांना जास्त आवडतं,” तो म्हणाला. “कधी कोणाला बरोबर न्यायचं असलं तर.”

मी म्हणाले, “मुलगी लंडनला असते. तिला बर्फ आवडत नाही.”

तो थोडा वेळ हातमोज्यांशी खेळत राहिला. मग म्हणाला, काळ्याला नंतर मागची सीट जोडता येते, सुटी मिळते, घेऊन ठेवता का? मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं. ती सीट घेतली असती तर मी ती मशीनवर बसवली असती, पुसली असती, आणि रोज माझ्या पाठीमागे एक रिकामी जागा घेऊन फिरले असते. “नको,” मी म्हणाले. तो शब्द उच्चारायला मला जेवढा जोर लागला तेवढा मशीन उचलायलाही लागला नव्हता.

ऑक्टोबरमध्ये काळं मशीन खालच्या शेडमध्ये येऊन बसलं. मी दर आठवड्याला जाऊन इंजिन सुरू करायचे, दोरी, ब्रेक, अंगठा, सगळं तपासायचे आणि बंद करून चालत वर यायचे. मुलगी दर रविवारी विचारायची, “स्नो?” मी म्हणायचे, “नाही गं.” त्या वर्षी बर्फाने हट्टाला पेटल्यासारखा उशीर केला. डिसेंबर अर्धा सरला आणि मग एकदाचा पडला, पूर्ण रात्र आणि अर्धा दिवस. मी तेव्हा गावात होते, रस्ता बंद म्हणून एका खाणावळीत अडकलेली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मोटार खालच्या शेडपर्यंत आणली. ऊन पडलं होतं. मुलीला मेसेज केला, ‘निघाले’. तिने एक लाल बदाम पाठवला आणि पाठोपाठ, ‘फोन चार्ज्ड आहे ना?’

जाळीत दूध, ब्रेड, बटाटे बांधले. दोरी जॅकेटला अडकवली. अंगठा दाबला. पहिलं वळण नीट घेतलं, दुसऱ्यावर जरा घसरले, पण आतल्या बाजूला झुकून सावरलं. मान सरळ होती. मी मुद्दाम बघितलं, मान सरळच होती.

गेटपाशी थांबले. उतरले. बर्फ पायाने बाजूला केला, कडी हातमोज्यात धरून गरम केली, गेट उघडलं. चढले. पुढे गेले आणि ठरलेल्या जागी, खडकाच्या शेजारी, थांबले. इंजिन सुरू होतं.

आणि मी बसून राहिले.

मला वेड लागलं नव्हतं. तो नाही हे मला ठाऊक होतं. पण पाठ वाट बघत होती. दोन थापांची. मी समोर बघत होते, बर्फाखाली वाकलेल्या झाडांकडे, आणि तेव्हा मला कळलं की त्या जागेवरून मागचं काहीही दिसत नाही, ऐकूही येत नाही. मागे माणूस आहे की नाही हे वळल्याशिवाय कळतच नाही. आठ हिवाळे तो इथे असा बसायचा आणि वळायचा नाही. मी त्याला नंदी म्हणायचे. त्याला खात्री होती की मी येणार, एवढंच होतं ते. मी गेट लावीन, चालत येईन आणि त्याच्या पाठीवर माझा हात पडेल. इतकी खात्री माझ्याबद्दल त्याच्या आधी कोणाला नव्हती आणि आता पुढे कोणाला असणार नाही. किती वेळ बसले कोण जाणे, हाताला गार लागायला लागलं. मग मी वळले. गेट सताड उघडं होतं आणि बर्फात फक्त माझ्या पावलांच्या खुणा होत्या.

उतरले, मागे गेले, गेट ओढलं, कडी घातली. ती दोनदा हलवून बघितली. परत येऊन चढले आणि घरी आले.

बूट काढायच्या आधीच फोन वाजला. “आई? जमलं?”

“जमलं.”

“एकटीने? सगळं?”

“सगळं. एकदा घसरले, पण पडले नाही.”

ती हसली, मग नाक ओढलं. “ओके. प्रॉमिस इज प्रॉमिस. मी आता काही बोलणार नाही.” मग म्हणाली, “तुझी खोली मी तशीच ठेवते हां. कधी आलीस तर.” मी म्हणाले, ठेव. तिची ट्रेन आली होती, तिने फोन ठेवला.

मी जिंकले होते. घर माझं राहिलं होतं. दाराशी खाली बसून मी बुटांच्या नाड्या सोडल्या. एक बूट काढला. दुसरा काढला. दोन्ही भिंतीला टेकवून ठेवले. स्वयंपाकघर दुपारच्या उन्हात अगदी स्वच्छ दिसत होतं आणि तिथून कसलाही आवाज येत नव्हता. मी थोडा वेळ थांबले. मग मोठ्याने म्हणाले, “लावलं रे गेट.”